न जुळवलेली आठ पानं

अप्पांकडे मी गेले ती एका तळटीपेसाठी. आम्ही विद्यापीठात शिकवतो त्या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती पाचशे निघाल्या की सातशे, एवढंच विचारायचं होतं. माझे मार्गदर्शक, म्हणजे सर, त्यांच्या लेखात पाचशे होत्या, माझ्या पुस्तकात सातशे. पन्नास वर्षं पूर्ण झाल्याची खास आवृत्ती तीन आठवड्यांत छापायला जायची होती आणि तिची संपादक मी होते. सर म्हणाले, "त्या छापखान्यातलं कुणी अजून जिवंत आहे का बघ." मी म्हणाले, "हो सर." गेली बावीस वर्षं मी हे दोन शब्द म्हणत आलेय. माझी नोकरी, माझी पदवी, माझं पुस्तक, सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

चार फोन केल्यावर एक पत्ता मिळाला. चौथा मजला आणि लिफ्ट बंद. दार सुनेनं उघडलं. ती नुकतीच दवाखान्यातून पाळी संपवून आली होती, अंगावर नर्सचा गणवेश तसाच होता. माझ्यापेक्षा दमलेलं माणूस बघून मला उगाच बरं वाटलं.

"अप्पांना भेटायचंय? बसा," ती म्हणाली. "पण लवकर सुटका नाही हं, आधीच सांगते. ऐकणारं माणूस त्यांना रोज मिळत नाही."

अप्पा खिडकीशी खुर्चीत बसून पेपर वाचत होते. पेपर उलटा होता. माझी नजर बघून सून म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा मलाही वाटलं, सासरा अडाणी आहे आणि घरच्यांनी लपवून ठेवलंय. नंतर कळलं, जुळाऱ्यांना उलटंच वाचता येतं."

अप्पा जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, डाव्या हातातल्या पट्टीत ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं, हे काम त्यांनी चौतीस वर्षं उभ्यानं केलं. पट्टीतला मजकूर उलटा दिसतो आणि तसाच वाचावा लागतो. सगळी अक्षरं, काना, मात्रा आणि जोडाक्षरं मिळून चारशेच्या वर खण, आणि कुठल्या खणात काय हे हाताला ठाऊक; डोळे कागदावर. पुढे संगणक आले, छापखाना बंद पडला आणि अप्पा एका बाइंडरकडे गठ्ठे बांधायला लागले. तिथे कुणी त्यांना काही वाचायला दिलं नाही. बायको गेली, मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला आहे, महिन्यातून एकदा येतो. आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण. उजव्या हाताचा अंगठा चपटा झालाय आणि त्याच्या कडेचा काळा रंग काही केल्या जात नाही.

मी माझं कार्ड दिलं. त्यांनी ते उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "बाई, पत्त्याच्या ओळीत दोन शब्दांमधली जागा जास्त पडलीय." माझी कार्डं छापून सहा वर्षं झाली होती, पण त्या दिवसापासून ती जागा मला कायम जास्तच दिसते.

प्रती सातशे निघाल्या होत्या. म्हणजे माझं बरोबर होतं. सरांना हे कसं सांगायचं याचाच मी विचार करायला लागले. तेवढ्यात अप्पांनी विचारलं, "त्या पुस्तकातलं तुम्ही मुलांना शिकवता तरी काय?"

आता हा प्रश्न मला विचारू नये. मी पाऊण तास बोलते.

ती कादंबरी एका कारकुनाची आहे. हुकूमशहाच्या दरबारात तो फर्मानं लिहायला लागतो आणि शेवटी मंत्री होतो. पूर्वार्धात त्याची आई आहे. चांगली तोंडाळ, पान पान गाजवणारी. नवव्या प्रकरणानंतर मात्र तिचा उल्लेखच नाही. मेली नाही, गेली नाही, नुसती नाहीच. मुलगा तिची आठवणही काढत नाही. आणि गंमत म्हणजे वाचकही विचारत नाही की बाई कुठे गेली. सरांनी पस्तीस वर्षांपूर्वी याच गोष्टीवर बोट ठेवलं. माणसाच्या मनाचा एक मोठा भाग त्याचा त्यालाच ठाऊक नसतो, त्याला आम्ही नेणीव म्हणतो. जे सोसवत नाही ते माणूस तिथे ढकलतो आणि वर झाकण घालतो. सरांचं म्हणणं असं की हुकूमशहा हा बाप आहे. त्याची मर्जी मिळवायची तर मुलाला आपल्यातली आई पुसून टाकावी लागते, आणि पुसलीय हेही विसरावं लागतं. लेखकाच्या नेणिवेनं तेच केलं. आणि ती रिकामी जागा आपल्याला खटकत नाही, कारण आपणही आपापल्या बापापुढे मान खाली घालूनच मोठे झालोत. सत्ता बंदुकीनं नंतर येते, आधी ती इथून आत शिरते. यावर सरांचे दोन ग्रंथ आहेत. माझा प्रबंध आहे. माझ्या विद्यार्थ्यांचे आणखी सात आहेत.

अप्पा सगळं ऐकत होते. हात मांडीवर, तोंड किंचित उघडं.

"म्हणजे आईला लेखकानं गाळलं?"

"त्यांच्या नेणिवेनं."

"आणि पन्नास वर्षांत कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही?"

"तेच तर, अप्पा. म्हणूनच ती कादंबरी मोठी आहे."

ते उठले. उठायला त्यांना वेळ लागतो, पण सुनेनं पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. आतून पत्र्याचा एक चपटा डबा घेऊन आले आणि तो मांडीवर ठेवून बसले. उघडला नाही.

"आठ पानं आहेत यात. अख्खं एक प्रकरण. त्यांच्या हातचं. लेखकानं नाही गाळलं बाई. मी गाळलं."

सुनेनं माझ्याकडे बघितलं आणि गॅस बंद करून तीही येऊन बसली. तिलाही हे नवीनच होतं.

मग अप्पांनी सांगितलं ते असं. पुस्तक छापायला घेतलं तेव्हा लेखकाला पकडून नेलं होतं. तो साधा शाळामास्तर होता. तो परत आलाच नाही, चार महिन्यांत आतच गेला. छापखान्याच्या मालकांनी ठरवलं, बंदी यायच्या आत पुस्तक बाहेर काढायचं. मालक धीट माणूस. सगळे कामगार त्यांना 'बाबा' म्हणत. अप्पांचे वडील ते लहान असतानाच वारले होते. बाबांनीच त्यांना कामाला लावलं, बाबांनीच लग्न जमवलं. बाबांचा हुकूम असा की पान जुळवून झालं की हस्तलिखिताचा कागद लगेच शेगडीत. धाड पडली तर अक्षर सापडू नये. दार लावून, शटर ओढून काम चाललेलं.

"माझी आई तेव्हा अंथरुणावर होती," अप्पा म्हणाले. "दुपारी शेजारच्यांचा निरोप आला, लवकर या. मी बाबांकडे गेलो. बाबांनी मान वर केली नाही. म्हणाले, चार फर्मे राहिलेत, पानं चौकटीत आवळून बांध आणि जा. मी बांधायला लागलो. संध्याकाळी घरी पोहोचलो तर दार सताड उघडं. आत माणसं. शेजारीण म्हणाली, दार लावू देईना रे, सारखी दाराकडे बघत होती."

सून पुटपुटली, "अप्पा, तुम्हाला कोंडून घातलं होतं, तुम्ही तरी काय करणार?"

"कोंडलं कुठे होतं? शटर पुढचं बंद होतं. मागचं दार उघडंच होतं की. नळाला पाणी प्यायला आम्ही तिथूनच जायचो. मी चालू लागलो असतो तर बाबा काय, कुणीच मला धरलं नसतं." हे ते अगदी सहज आवाजात म्हणाले, पुष्कळदा घोकलेलं असावं तसं. "माझ्या डोक्यातच आलं नाही ते."

मला सरांचे दोन्ही ग्रंथ आठवले आणि लाज वाटली.

चौथ्या दिवशी अप्पा कामावर गेले. खणांच्या घोडीवर, म्हणजे लाकडी स्टँडवर, त्यांच्यासाठी पुढचा मजकूर ठेवला होता, आठ कागद. पट्टी हातात घेतली, पहिली ओळ वाचली. ओळ अशी होती: 'तो घरी पोहोचला तेव्हा दार सताड उघडं होतं.'

"हात चालेना. एक खिळा उचलला आणि तोच धरून उभा राहिलो. मग कागद घडी करून खालच्या खणात सरकवले आणि पुढचं प्रकरण घेतलं. म्हटलं, उद्या करू. प्रकरणांना आकडे नव्हते. प्रूफं बघणारा घाईत. पानांचे आकडे मीच टाकत होतो, ते ओळीनं पडत गेले. परवा, तेरवा करता करता पुस्तक बांधून झालं."

"आणि बाबांना सांगितलं नाहीत?"

"बाबांना?" ते जरा हसले. "सरकारला घाबरत नव्हते हो आमचे बाबा. आम्ही बाबांना घाबरायचो."

एकच मागणं होतं त्यांचं. ही पानं नव्या आवृत्तीत त्यांच्या जागी जावीत. डोळ्यांत मोतीबिंदू, छातीत यंत्र; पुढच्या आवृत्तीला आपण नसणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पानं मात्र ते हातात देईनात. "छापणार म्हणालात की देतो," एवढंच. मला त्यांचा राग आला नाही. मी सरांशी बोलून येते म्हणाले.

चार मजले उतरताना माझं मन काय म्हणत होतं ते लिहायलाच हवं. मन म्हणत होतं, म्हातारा भ्रमिष्ट असू दे. डब्यात जुनी बिलं असू देत. सत्तेचाळीसाव्या वर्षी कुणाचं अख्खं शिक्षण पाण्यात जाऊ नये.

सर व्हरांड्यात बसले होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण विभागातलं पान त्यांना विचारल्याशिवाय हलत नाही. मी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर बराच वेळ चष्म्याची काच पुसत बसले.

"तू वाचलंस ते प्रकरण?"

"नाही सर. ते देत नाहीत."

"मग त्यात काही असेलच असं नाही. आणि असलं तरी..." त्यांनी चष्मा घातला. "पन्नास वर्षं वाचलं गेलं ते पुस्तक कुठलं? छापलेलं. आईला लेखकाच्या नेणिवेनं गाळलं की जुळाऱ्याच्या, फरक काय पडतो? उलट आपलं म्हणणं पक्कंच होतंय. एका साध्या कामगाराच्या मनानंही तेच केलं."

हे इतकं बरोबर होतं की मला राग कशाचा आला तेच क्षणभर कळेना. मग कळलं. अप्पांच्या आईचा मृत्यू सरांनी जागच्या जागी पुराव्याच्या कप्प्यात घातला होता.

"पण सर, पानं तर छापायला हवीत."

"अक्षर तपासावं लागेल. तीन आठवड्यांत होणार नाही. पुढे कधीतरी परिशिष्टात घेऊ. आत्ता नको."

त्यांच्या पाठीमागे भिंतीवर लेखकाचं तुरुंगातून आलेलं पत्र चौकटीत लावलेलं होतं. अक्षर तपासायला पाच मिनिटं पुरली असती. सर त्या पत्राला पाठ करून बसले होते; हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. त्या क्षणी सर मला फार म्हातारे दिसले, आणि मला त्यांची दया आली, आणि दयेच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "हो सर."

आठवडाभर मी अप्पांकडे गेले नाही. तपासायचे पेपर होते, विभागाच्या बैठका होत्या. कारणांना काय तोटा. शेवटी सुनेचाच फोन आला. "बाई, नाही तर नाही, पण येऊन सांगून जा. ते दाराकडे बघत बसतात. मला ते बघवत नाही."

मग गेले. दार उघडं होतं. अप्पा त्याच खुर्चीत, डबा त्याच मांडीवर. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना समजलं.

"नाही म्हणाले ना तुमचे बाबा?"

मी सर म्हणते हे त्यांना माहीत होतं. त्यांनी चुकून म्हटलं नव्हतं. मी खाली मान घालून, "पुढे कधीतरी परिशिष्टात घेऊ म्हणाले," एवढं सांगितलं.  खूप वर्षं धरलेलं काहीतरी सुटतं तेव्हा माणूस रडतो असं आम्ही पुस्तकात लिहितो. अप्पा नुसते थकलेले दिसत होते. त्यांनी डबा माझ्यापुढे केला.

"घेऊन जा. जाळा नाही तर ठेवा. माझ्याच्यानं आता नाही होत."

कागद पिवळे झाले होते, घडीवर विरले होते. अक्षर बघताक्षणी ओळखलं. ते चौकटीतलं पत्र मी बावीस वर्षं बघत होते. मी विचारलं, "अप्पा, पुढे काय होतं यात?"

"मला काय माहीत?"

"म्हणजे?"

"मी एकच ओळ वाचली आहे, बाई."

पन्नास वर्षं. ते आठ कागद त्यांनी दोन बदललेल्या घरांतून, बायकोच्या आजारपणातून, छापखान्याच्या लिलावातून सांभाळून आणले होते, आणि पहिल्या ओळीच्या खाली त्यांची नजर उतरली नव्हती. सुनेनं माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाली, "वाचा मोठ्यानं. मलाही ऐकू दे."

मी वाचायला लागले.

'तो घरी पोहोचला तेव्हा दार सताड उघडं होतं.' अप्पांनी डोळे मिटले. मी थांबले नाही. 'आत आई घोरत पडली होती. तीन दिवसांनी तो दरबारातून सुटून आला होता आणि वाटेभर तिच्या वाट बघण्याचा विचार करत आला होता. त्यानं तिला हलवून उठवलं. म्हणाला, अगं, दार उघडं टाकून कशी झोपलीस? माझी वाट बघत होतीस ना? आई उठून बसली. म्हणाली, वाट? तुझी? उकडत होतं म्हणून उघडं ठेवलं. वारा येतो त्या दारातून. तुझी वाट बघत बसायला मला दुसरे उद्योग नाहीत की काय?'

अप्पांच्या घशातून कसलासा आवाज आला. मी घाबरून बघितलं. ते हसत होते. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते हसत होते. सून उठून त्यांच्याजवळ गेली.

"अशीच होती गं," ते तिला म्हणाले. "अगदी अशीच बोलायची. माझी वाट बघतेस का म्हटलं की अंगावर यायची. उकडायचंच आमच्याकडे. एकच खोली, खिडकी नाही. वाऱ्यासाठीच ठेवायची ती दार उघडं, रोज." मग जरा वेळानं, हळू आवाजात, "रोजच ठेवायची."

मी पुढे वाचलं. उरलेल्या सात पानांत आई आणि मुलगा भांडतात. त्यानं कसली फर्मानं लिहिली हे तिला कळलेलं असतं. तो म्हणतो, मी काय करणार, सांगितलं ते लिहिलं. ती आपलं बोचकं बांधते आणि म्हणते, तुझ्या घरात मी राहणार नाही. तो दारात आडवा उभा राहतो. ती म्हणते, बाजूला हो, मला वारा लागू दे. आणि बहिणीकडे निघून जाते, पायी. एवढंच. तिला कुणी पुसलं नव्हतं. साऱ्या कादंबरीत नाही म्हणणारं ते एकच माणूस होतं, आणि आम्ही तिच्या नसण्यावर ग्रंथ लिहिले होते.

वाचून झालं. मला भूक लागल्यासारखं वाटलं आणि फार दमल्यासारखं. मी पिशवीतून फोन काढला आणि तिथेच, त्या दोघांसमोर, सरांना लावला. सर म्हणाले, "बोल." मी म्हणाले, "सर, पानं माझ्याकडे आहेत. मी ती दहाव्या जागी घालून छापायला पाठवतेय."  मग सर म्हणाले, "मी आत्ता नको म्हटलं होतं." मी म्हणाले, "नाही सर."  फोन त्यांनी ठेवला की मी, ते आठवत नाही.

"सांभाळून घ्या हो त्यांना," अप्पा म्हणाले. "अशा माणसांना कुणी नाही म्हटलेलं नसतं. आतून पार मोडतात."

मी कागद आवरायला लागले तर त्यांनी हात पुढे केला. "आणखी एकदा वाचा. सावकाश. त्या दारापासून."

मी सावकाश वाचायला लागले. मांडीवरचा त्यांचा डावा हात किंचित वळला, पट्टी धरल्यासारखा. उजवा हात उठला, हवेतल्या एका खणाकडे गेला, चपट्या अंगठ्यानं काहीतरी उचललं आणि डाव्या हातात लावलं. मग दुसरं, मग तिसरं. मी एकेक शब्द म्हणत होते आणि ते जुळवत होते. 'सताड उघडं होतं' इथे पूर्णविराम लागला. त्यांचा हात क्षणभर हवेत थांबला.

"हं," ते म्हणाले. "पुढची ओळ सांगा."